हसवून गेलेली माणसे

२८ ऑगस्ट २०२५ रोजी विलेपार्ल्यात बाळ कर्वे यांचे निधन झाले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ९५ वर्षे पूर्ण केली होती. त्यानंतर दोन महिने पुरते उलटले नाहीत तोच, २५ ऑक्टोबरला, सतीश शहा गेले. ते ७४ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते पार्ल्यातच, पवनहंसच्या स्मशानभूमीत. एकाची बातमी प्रामुख्याने मराठी दैनिकांनी दिली, दुसऱ्याची देशातील सर्व भाषांतील वृत्तपत्रांनी. दोघांनी एकत्र असे नावाजलेले काम केल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. तरीही मुंबईच्या उपनगरांत ज्यांचे बालपण किंवा तारुण्य दूरदर्शनच्या काळात गेले, त्यांच्या मनात ही दोन नावे एकाच कप्प्यात ठेवलेली आहेत. एक गुंड्याभाऊ आणि दुसरा ‘ये जो है जिंदगी’ मधला, दर आठवड्याला नव्या रूपात येणारा तो गोल चेहऱ्याचा गृहस्थ.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सेसाठी नावे देतो. त्या यादीत साहजिकच नात्यागोत्यातील नावे असतात. परंतु ज्यांना आपण कधी भेटलो नाही आणि जे वर्षानुवर्षे ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसत, त्यांचीही कोठे तरी नोंद व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात दूरचित्रवाणी त्यापूर्वीच, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत अवतरली होती आणि तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे होते, हे उपनगरवासीयांना सुखावणारे सत्य आहे. वरळीच्या मनोऱ्याच्या दिशेने छपरावरचा अँटेना वळवून बसण्याचे ते दिवस. संचासाठी परवाना काढावा लागे आणि त्याची वार्षिक फी भरावी लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. लाकडी पेटी, तिला सरकते दार, वर विणलेला रुमाल. मरोळ, चकाला, आंबोली येथील गावठाणांत ज्या घरी संच असे, त्या घराचे दार संध्याकाळी उघडेच राही आणि जमिनीवर बसलेल्या मुलांत आपली किती व शेजाऱ्यांची किती हे कोणी मोजत नसे. दुसरी वाहिनी नव्हतीच. ‘आमची माती आमची माणसं’ पासून बातम्यांपर्यंत जे लागेल ते पाहिले जाई. विनोदी कार्यक्रमांची मात्र वाट पाहिली जाई.

त्यात ‘हास परिहास’ होता. याकूब सईद आणि बबन प्रभू ही त्यातली जोडी. बबन प्रभू म्हणजे ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या प्रहसनांचे लेखक. छोट्या छोट्या नाटुकल्यांचा ‘गजरा’ होता. आणि १९७७ च्या सुमारास त्याच केंद्रावरून आला ‘चिमणराव’. याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांनी तो उभा केला.

मराठीतील पहिली मालिका म्हणून ‘चिमणराव’चा उल्लेख होतो. पण चिमणराव काही दूरदर्शनने जन्माला घातला नव्हता. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे विद्वान. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग बडोद्यात अध्यापनात गेला. गौतम बुद्धाच्या वचनांत रमणाऱ्या या प्राध्यापकाने ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ लिहून मराठीला एक भित्रा, भाबडा, सदा अडचणीत सापडणारा गृहस्थ दिला, आणि त्याच्या पाठीशी गुंड्याभाऊ हा धिप्पाड, मिशाळ, व्यायामावर श्रद्धा असलेला भाऊ उभा केला. मास्टर विनायकांनी ही जोडी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत आणली. तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे दूरदर्शनवर ही जोडी उभी राहिली तेव्हा तिच्यामागे आधीच एक घराणे होते, आणि प्रेक्षकांतील वडीलधारी मंडळी तुलना करायला टपलेलीच होती.

दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ या तुलनेत नुसते टिकले नाहीत. नंतरच्या पिढीला तर हेच दोघे मूळचे वाटू लागले. चिमणरावाची पत्नी काऊ, मोरू, मैना, राघू ही मुले, घरातील म्हातारी आई असा तो संसार होता. चि. वि. जोशी यांचे पुणे चाळीसेक वर्षे मागे पडले होते. पाहणारे लोक लोकलच्या गर्दीतून अंधेरी-घाटकोपरला परतलेले असत. मग ते त्या जुन्या संसारात इतके का रमले? माझ्या मते याचे उत्तर चिमणरावाच्या भित्रेपणात आहे. मोठ्या शहरात लहान पगारावर राहणाऱ्या माणसाला साहेबाची, घरमालकाची, उसने मागणाऱ्या पाहुण्याची आणि स्वतःच्या बायकोच्या अपेक्षांची जी एक सौम्य, न संपणारी धास्ती असते, ती चिमणरावाच्या डोळ्यांत होती. आणि गुंड्याभाऊ हे त्या धास्तीवरचे घरगुती औषध होते. हे औषध दरवेळी लागू पडत असे असे नाही. बऱ्याचदा त्याने दुखणे वाढतच असे.

बाळ कर्वे यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण अशा नटांविषयी लिहिले जात नाही. ते व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली. दिवसा पालिकेचे काम आणि संध्याकाळी तालीम, हा त्या पिढीतील मराठी नटांचा शिरस्ताच होता. बँका, पालिका, रेल्वे, औषधांच्या कंपन्या यांनी आपल्या रंगभूमीला जेवढे कलावंत पोसून दिले तेवढे कोणत्याही अकादमीने दिले नसतील. ‘रथचक्र’, ‘तांदूळ निवडता निवडता’, ‘कुसुम मनोहर लेले’, ‘आई रिटायर होते’ अशी नाटके त्यांच्या नावावर आहेत. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ मध्येही ते होते. पार्ल्यात मुलांच्या नाट्यचळवळीसाठी त्यांनी पुष्कळ खपून काम केले. तरीही रस्त्यात भेटणारा माणूस त्यांना गुंड्याभाऊच म्हणे. एका भूमिकेने नटाला गिळून टाकले म्हणून हळहळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती हळहळ पूर्णपणे पटत नाही. ४५ वर्षांनंतरही एखाद्या माणसाला लोक त्याने उभ्या केलेल्या माणसाच्या नावाने हाक मारत असतील, तर ते नाव त्याने कमावलेले असते.

खरी हळहळ निराळ्याच गोष्टीची आहे. त्या मालिकेचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळी चित्रफिती परदेशातून येत, फार महाग असत; म्हणून प्रक्षेपण झाले की त्या पुसून त्यांवर पुन्हा नवे कार्यक्रम मुद्रित करण्याची रीत होती. यात एखाद्या अधिकाऱ्याचा दुष्टावा नव्हता, काटकसर होती. इंग्लंडमधील बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही हेच केले. त्यांची ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली. दुसऱ्या महायुद्धात गावाचे रक्षण करायला सरसावलेल्या म्हाताऱ्या आणि अजाण शिपायांची ती कथा. तिचेही काही भाग पुसले गेले. त्यांपैकी दोन भाग २००१ मध्ये खासगी संग्रहातून परत मिळाले आणि तीन अजूनही बेपत्ता आहेत. पण तेथील लोकांनी त्या मालिकेला विसरू दिले नाही. तिचे बरेचसे चित्रीकरण ज्या थेटफर्ड गावात झाले, तेथे २०१० मध्ये कॅप्टन मेनवेअरिंगच्या वेषातील नट आर्थर लो यांचा पुतळा बसवण्यात आला. लो १९८२ मध्येच वारले होते. त्या पलटणीतील सर्वांत तरुण शिपाई झालेले इयन लॅव्हेंडर २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा मुख्य शिपायांतील शेवटचा गेला अशी बातमी झळकली. आपल्याकडे पुतळे पुष्कळ आहेत. विनोदी नटाचा पुतळा मात्र शोधावा लागेल.

१९८२ साली रंग आला. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांमुळे संचांची मागणी वाढली, प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहू लागली आणि प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, आणि त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’. पहिली दिल्लीच्या कुटुंबाची, अश्रूंची आणि उपदेशाची. दुसरी मुंबईत घडवलेली, निव्वळ हसण्यासाठी. शुक्रवारची रात्र तिने आपल्या नावे करून घेतली. शीर्षकगीत किशोरकुमारांनी गायले होते.

हिचे लेखक शरद जोशी हे हिंदीतील मोठे व्यंगकार होते. (शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे, मराठी वाचकांचा येथे हमखास घोटाळा होतो.) उज्जैनला जन्मलेल्या या लेखकाचे निधन ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत झाले. दिग्दर्शनाचा भार कुंदन शहा, एस. एस. ओबेरॉय, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार यांनी निरनिराळ्या टप्प्यांवर वाहिला. कथानक म्हणावे असे काही नव्हतेच. रणजित वर्मा हा नोकरदार नवरा, रेणू ही त्याची पत्नी, तिचा बेकार भाऊ राजा, शेजारीपाजारी आणि कचेरीतील साहेब. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि साहेबाच्या भूमिकेत टिकू तलसानिया. सतीश शहा यांना ठरावीक भूमिकाच नव्हती. ते दर भागात नवा माणूस होऊन येत. ५५ भागांत ५५ माणसे आपण केली, असे ते स्वतः सांगत.

या मालिकेतील दिवंगतांत पहिले नाव शफी इनामदार यांचे, आणि आज ते सर्वांत कमी घेतले जाते म्हणून मला येथे अधिक लिहावेसे वाटते. ते मूळचे कोकणातले, दापोली तालुक्यातील पांगारीचे. प्राथमिक शिक्षण गावी, मग मुंबईला उमरखाडीच्या सेंट जोसेफ शाळेत. पुढे के. सी. महाविद्यालय, इप्टा, आणि जुहूला १९७८ मध्ये पृथ्वी थिएटर उघडल्यावर तेथील रंगमंच. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ मध्ये ते इन्स्पेक्टर हैदर अली होते. त्या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. संतापाने फुटू पाहणाऱ्या नायकाला व्यवहाराची जाणीव देणारा, दमलेला पण कोरडा न झालेला तो अधिकारी ज्यांनी पाहिला, त्यांना दुसऱ्याच वर्षी हाच माणूस बायकोच्या हट्टापुढे आणि मेहुण्याच्या उपद्व्यापांपुढे हताश होताना पाहून गंमत वाटली असेल.

विनोदी मालिकेत सर्वांत अवघड काम असते ते न हसवणाऱ्या माणसाचे. भोवती सगळे वेडेवाकडे वागत असताना एकाने तरी शहाणे राहावे लागते, नाही तर वेडेपणा मोजायला माप उरत नाही. इनामदार ते माप होते. त्यांचा आवाज क्वचितच चढे. वर्तमानपत्र खाली करून समोरच्याकडे पाहण्याची एक मंद, थकलेली रीत त्यांच्याकडे होती, आणि त्या एका नजरेवर राकेश बेदींचा सगळा धुमाकूळ उभा राही. चिमणरावाच्या जगात भित्रा माणूस मध्यभागी होता आणि त्याचा कैवारी बाजूला. येथे समंजस माणूस मध्यभागी आला आणि विनोद त्याच्या चारी बाजूंनी घडू लागला. सात वर्षांत शहरी मध्यमवर्गाने स्वतःकडे पाहण्याची पद्धत किती बदलली होती, हे या एका गोष्टीवरून समजते. चिमणराव स्वतःवर हसू देई. रणजित वर्मा आपल्याबरोबर हसायला बोलावी.

इनामदार यांच्या पत्नी भक्ती बर्वे. मराठी वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. ‘ती फुलराणी’ची मंजुळा म्हटले की पुरे. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात बातम्या वाचणारा तो चेहरा घराघरांत ठाऊक होता. ‘आई रिटायर होते’ मध्ये आई त्या होत्या, आणि बाळ कर्वे यांच्या नाटकांच्या यादीत हे नाव आपण वर वाचलेच. अशा रीतीने मराठी रंगभूमीचा एक धागा थेट त्या हिंदी मालिकेच्या घरात पोचलेला होता. धर्म, भाषा, रंगभूमी यांच्या सीमा ओलांडून झालेला हा संसार त्या काळच्या मुंबईने कौतुकाने पाहिला, निदान नाटकवाल्यांच्या मुंबईने.

१३ मार्च १९९६ रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत आणि श्रीलंका यांच्यातील विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे तो अर्धवट थांबवावा लागला, हे क्रिकेटवेड्यांना आठवत असेल. त्याच दिवशी शफी इनामदार हृदयविकाराने गेले. ते ५० वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांनी ‘हम दोनों’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर त्यात होते. भक्तीताई पाच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून परतत असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात मरण पावल्या. त्यांचे वय ५२ होते.

आता सतीश शहांकडे वळू. त्यांचे घराणे कच्छचे, जन्म मुंबईचा, २५ जून १९५१ चा. धोबीतलावच्या आपल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. पुढे पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकले. ‘ये जो है जिंदगी’च्या आधल्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांनी कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारो’ मध्ये महापालिका आयुक्त डिमेलो साकारला होता. भक्ती बर्वेही त्या चित्रपटात होत्या, एका धूर्त संपादिकेच्या भूमिकेत.

डिमेलो हे आडनाव आपल्यापैकी कित्येकांच्या दारावरच्या पाटीवर आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणसाला काय काय केले हे आपण जाणतोच. दारूचा गुत्ता चालवणारा, पडेल टोपी घालून मोडके हिंदी बोलणारा किंवा खलनायकाच्या टेबलाशी नाचणारी, एवढीच आपली ओळख वर्षानुवर्षे दाखवली गेली. ‘जाने भी दो यारो’ मधला डिमेलो लाचखोर आहे, खादाड आहे, आणि निम्म्या चित्रपटात तर तो प्रेत आहे. तरीही त्याने मला कधी दुखावले नाही. तेथे बिल्डर तरनेजा, बिल्डर आहुजा आणि आयुक्त डिमेलो हे तिघेही सारखेच लबाड आहेत. डिमेलोच्या लबाडीचे कारण त्याच्या आडनावात शोधलेले नाही. ख्रिस्ती असल्यामुळे त्याला मिळते ती फक्त शवपेटी, आणि मग ती शवपेटी, तिच्यातला आयुक्त, रस्त्यावर तिला बिघडलेली मोटार समजून मदत करू पाहणारा नशेतला आहुजा आणि शेवटी महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभे राहिलेले ते प्रेत! सतीश शहांनी हे सारे डोळे न हलवता केले. जिवंत असताना हसवणारे नट पुष्कळ असतात. मेलेल्याचे सोंग घेऊन, केवळ आपल्या देहाच्या वजनावर आणि एका स्थिर, तृप्त चेहऱ्यावर हसवणारा नट दुसरा चटकन आठवत नाही. पडद्यावर कोसळलेल्या पुलाची भानगड करणारा पालिका आयुक्त आणि प्रत्यक्षात पालिकेत इमाने नोकरी करणारा गुंड्याभाऊ, यांतला योगायोग मला हा लेख लिहिताना लक्षात आला आणि हसू आवरले नाही.

दूरदर्शनवर त्यांनी जे केले ते याहून अवघड होते. अंगकाठी लपणारी नव्हती, चेहरा ओळखीचा झाला होता, आणि तरी दर शुक्रवारी तोच माणूस नवी बोली, नवी चाल, नवा पोशाख घेऊन येई. नाटकातील नटाला एका भूमिकेत महिनोन्‌महिने मुरायला मिळते. यांना आठवड्यात एक माणूस शोधायचा, उभा करायचा आणि सोडून द्यायचा होता. आमच्यासारख्या प्रेक्षकांत तर पैज लागे, या खेपेस ते कोण होऊन येणार. मराठीतही ‘गंमत जंमत’ (१९८७) मध्ये ते दिसले. पुढे झी वाहिनीवर ‘फिल्मी चक्कर’, आणि २००४ मध्ये ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मधील इंद्रवदन. आजची तरुण मुले त्यांना इंद्रवदन म्हणूनच ओळखतात. बायको आणि सुनेचे भांडण लावून देऊन मिटक्या मारणारा तो श्रीमंत म्हातारा उत्तमच होता. पण माझे मत विचाराल तर त्यांची खरी करामत त्या ५५ माणसांत होती.

कुंदन शहा ७ ऑक्टोबर २०१७ रोजी गेले. त्यांनी सईद मिर्झांबरोबर १९८६ मध्ये ‘नुक्कड’ केली आणि १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरून ‘वागले की दुनिया’. ‘नुक्कड’ पूर्णपणे विनोदी नव्हे. ती कोपऱ्यावरच्या माणसांची, सायकल दुरुस्त करणाऱ्याची, न्हाव्याची, भिकाऱ्याची, बेवड्याची कथा. तिच्यातील करीम न्हावी झालेले जावेद खान आणि खोपडी झालेले समीर खख्खर हे दोघे २०२३ मध्ये एका महिन्याच्या अंतराने गेले. खख्खर यांनी शेवटचा श्वास घेतला तो बोरिवलीत, १५ मार्चला. गणपत हवालदार झालेले अजय वढावकर त्यापूर्वीच, २०१५ मध्ये, वारले होते.

१९९० नंतर मालिकांचा धंदाच उपनगरांत आला. वरळीच्या सरकारी स्टुडिओची सद्दी संपली. अंधेरी पश्चिम, ओशिवरा, वर्सोव्याचे आरामनगर, चांदिवली, गोरेगावची चित्रनगरी या पट्ट्यात बंगले, गाळे आणि गोदामे यांचे सेट झाले. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुलामुलींना तेथे संकलक, रंगभूषाकार, वेषभूषा सहायक म्हणून कामे मिळाली. पडद्यावर त्यांची नावे इतक्या वेगाने सरकत असत की घरच्यांनाही ती वाचता येत नसत. लवकरच रोजच्या मालिका आल्या. आठवड्याला एक भाग लिहिणारा लेखक आणि दिवसाला एक भाग पाडणारा लेखक यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. पण शरद जोशींसारखा मुरलेला व्यंगकार त्या घाण्याला जुंपला गेला असता तर किती दिवस टिकला असता, हा प्रश्न मनात येतोच.

त्या बदलाच्या उंबरठ्यावर अधिकारी बंधूंची ‘श्रीमान श्रीमती’ उभी आहे. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ती सुरू झाली. दिग्दर्शक राजन वाघधरे. केशव कुलकर्णी हा तिचा नायक आणि कोकिळा ही त्याची पत्नी. शेजारी दिलरुबा आणि प्रेमा शालिनी हे जोडपे. दुसऱ्याच्या बायकोवर भाळलेले दोन नवरे, हा विषय कौटुंबिक वेळेला कसा चालावा असे तेव्हा काही सोज्वळ मंडळींना वाटे. चालला, कारण रीमा लागू यांनी कोकिळेला कधीही केविलवाणी होऊ दिली नाही. नवऱ्याचे सगळे चाळे ओळखून स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ती बाई त्या घरातील एकमेव प्रौढ व्यक्ती होती. म्हणजे पुन्हा तेच माप, शफी इनामदारांचे, या खेपेस स्त्रीच्या हाती आलेले. रीमाताई मराठी रंगभूमीच्या. आई मंदाकिनी भडभडे याही अभिनेत्री. ‘पुरुष’ सारखे दाहक नाटक करणाऱ्या बाईला हिंदी चित्रपटाने नायकाची आई करून टाकले, आणि तिच्यातील खट्याळपणा पुरता दिसला तो दूरदर्शनच्या या मालिकेत आणि सचिन यांच्या ‘तू तू मैं मैं’ मध्ये. केशव झालेले जतीन कनकिया गुजराती रंगभूमीवरून आले होते. हडकुळा देह, ताणलेले डोळे आणि पकडले गेल्यावर चेहऱ्यावर उमटणारे ते लाचार हसू! कर्करोगाने १९९९ मध्ये त्यांना नेले, तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. रीमाताई १८ मे २०१७ रोजी अंधेरीच्या रुग्णालयात हृदयविकाराने गेल्या. त्यांचे मालिकेतील काम तोवर चालूच होते.

२०२० च्या टाळेबंदीत नवे चित्रीकरण बंद पडले. वाहिन्यांकडे दाखवायला काही उरले नाही, तेव्हा दूरदर्शनने आपली जुनी कपाटे उघडली आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा लावली. चर्चची दारे बंद होती, शेजाऱ्याकडे जाण्याची सोय नव्हती, आणि बंद घरांत केशव कुलकर्णी पुन्हा एकदा शेजारणीच्या दारावर टकटक करू लागले. ज्यांच्यावर मुले हसत होती ती दोन मुख्य माणसे केव्हाच गेलेली आहेत, हे मुलांना ठाऊक नव्हते. कपाटात ‘चिमणराव’ असता तर तोही लागला असता.